पहिला उद्गार

बुधवार, ५ मार्च
राखेचा बुधवार. सकाळच्या उपासनेत कपाळाला राख लावली आणि तशीच शाळेत गेले. देवळाली कॅम्पला पोचेपर्यंत घामाने निम्मी नाकावर. खो-खोच्या पोरी खुसखुसल्या. "मॅडम, नाकाला काय?" शिट्टी मारली, ग्राउंडला चकरा लावल्या. मग कुणाला काही दिसेनासं झालं.

संध्याकाळी परत चर्च. उत्तम शुक्रवारच्या चिठ्ठ्या. वधस्तंभावरचे सात उद्गार, मंडळीतले सात जण, ज्याने त्याने आपल्या उद्गारावर दहा मिनिटं बोलायचं. दरवर्षीचाच स्टीलचा डबा. मी हात घातला आणि निघाला पहिला. मारणाऱ्यांना क्षमा कर, आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, हा. बाकांवर चुळबुळ. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मार्थाताई, हवं तर बदलून देतो. तहानेचा घ्या, सोपा आहे." मी म्हटलं, "कशाला? जमेल मला."

का म्हटलं कुणास ठाऊक. 'हिला जमेल का' असं तोंड कुणी केलं की माझं डोकं फिरतं.

घरी योहानला सांगितलं. भाऊ हसला. हसता हसता चहा कपाबाहेर ओतला, ओट्यावरून खाली पायावर. उजवा डोळा गेल्यापासून त्याला अंतर कळत नाही. जानेवारीपासून ओटा चिकटच. मी फडकं घेते, तो म्हणतो मी पुसतो, मग दोघंही पुसत बसतो.

शुक्रवार, ७ मार्च
बसमध्ये होते. देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव सुरू झाला आणि पहिल्याच धडाक्याला ते सगळं परत समोर. लिहून टाकते एकदा. कोर्टात सांगायचंच आहे, बघितलेली मीच.

संक्रांतीच्या अलीकडची संध्याकाळ. संदेश, समोरच्या सुनंदाचा मुलगा, बावीस वर्षांचा घोडा, गल्लीत लहान पोरं खेळत असताना बाइक पळवत होता. योहानने आडवा जाऊन चावी काढून घेतली. फार काही बोलला नाही, "आईला पाठव, तिच्या हातात देईन" एवढंच. संदेश घरात गेला आणि बाइकची साखळी घेऊन बाहेर आला, ती जाड, टोकाला कुलूप असलेली. मी दारात मेथी निवडत होते. साखळी एकदाच फिरली. कुलूप डोळ्यावर बसलं. आवाज ओला होता. यो. पडला नाही. उभ्या उभ्या त्याने तोंडावर हात ठेवला आणि बोटांतून जे खाली आलं ते नुसतं रक्त नव्हतं. मेथीवर पडलं. मी ती मेथी मुठीत घेऊन ओरडत होते.

संदेश साखळी टाकून पांढरा पडला होता. म्हणत होता, "लागलं का? लागलं का? मी नुसता भीती दाखवत होतो."

हे शेवटचं मी पोलिसांना सांगितलेलं नाही. कशाला सांगू?

रविवार, ९ मार्च
उपासनेत तिसऱ्या बाकावर सुनंदा. सगळा वेळ तिच्या अंबाड्याकडे बघत होते. प्रवचन काय झालं विचारू नका. एकच विचार की उठावं आणि तो अंबाडा धरून तिचं कपाळ समोरच्या बाकावर आपटावं. 'पोरगा असा वाढवलास?' एवढंच विचारावं.

ही माझी मैत्रीण. उत्तम शुक्रवारी तीन वाजता उपासना सुटली की सगळ्यांना घोटभर कडुनिंबाचा रस देतात, ही आमच्या चर्चची जुनी रीत. तो पाला वाटायचं काम आम्हा दोघींचं, लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हापासून. ती वाटते, मी गाळते, आणि दोघी मिळून सगळ्या मंडळीची टिंगल करतो.

पाळकसाहेबांना सांगून टाकलं, यंदा निंबाला दुसरं कुणी बघा.

बुधवार, १२ मार्च
शास्त्राभ्यासाला विषय मुद्दाम काढला की आपोआप आला माहीत नाही. आश्रयाची नगरं. दोघं रानात लाकडं तोडायला जातात, एकाची कुऱ्हाड दांड्यातून निसटते आणि दुसरा मरतो. मारणारा पळून त्या नगरात शिरला तर सूड घेणाऱ्याने बाहेर थांबायचं. आत हात लावायचा नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या शरणपूरचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. देव हेतू बघतो. वैर नव्हतं, नेम नव्हता, तर तो खुनी नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, "कुऱ्हाड निसटली, साहेब. साखळी निसटली नव्हती, फिरवली होती."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. वयाने माझ्यापेक्षा लहान, बिचारा घाबरतो मला. पुढे म्हणाले, "ताई, हेतूने मारलं तर त्या नगरात थारा नाही, तेही तिथेच लिहिलंय."

मग ठीक आहे.

शनिवार, १५ मार्च
संदेशला जामीन. रिक्षातून उतरला, हातात पिशवी, मान खाली. सुनंदाने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. यो. खिडकीत उभा राहून बघत होता. मी पडदा ओढला, त्याने परत सारला. "बघू दे," म्हणाला.

अंबडच्या कंपनीतून यो. ला फोन नाही. एका डोळ्याच्या माणसाला लेथवर उभं करता येत नाही, स्टोअरला बसवू म्हणाले होते. इतकी वर्षं हा माणूस केसाएवढा फरक नजरेने सांगायचा. आता जिना उतरताना पायाने पायरी चाचपतो.

स्तोत्रांमध्ये दुष्टांचे दात तोंडातल्या तोंडात मोडून टाक अशी विनंती आहे. सरळ देवाला केलेली. रविवारी वाचायला ती कधी देत नाहीत. आज तीच म्हटली, गुडघे टेकून, मोठ्याने.

गुरुवार, २० मार्च
काल लिहिता आलं नाही.

काल रंगपंचमी. शाळेला सुट्टी. गल्लीच्या तोंडाशी डीजे, पिंपात रंग, सगळी पोरं भिजलेली. मी दार लावून बसले होते. पाणी आलं का बघायला बाहेर डोकावले तर संदेश. नाचत होता. कुणीतरी त्याच्या तोंडाला लाल रंग फासला होता, उजव्या बाजूला, डोळ्यावरून गालावर ओघळलेला. आणि हसत होता. दात दिसत होते.

माझी हॉकी स्टिक दाराआड असते, कॉलेजातली. ती कधी उचलली ते आठवत नाही हे मला लिहायचंय, पण ते खरं नाही. आठवतं. ग्रिपची पट्टी सुटलेली होती ती मी नीट गुंडाळली. चप्पल घातली. तो पाण्याची बाटली घ्यायला घरात शिरला तेव्हा त्याच्या मागे शिरले आणि आतून कडी लावली.

पहिला फटका गुडघ्याच्या मागे. मुलींना मी शिकवते, खेळात तिथे मारलं तर फाऊल. तो बसला. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर, मग मोजले नाहीत. तो "ताई, ताई" करत होता. मी म्हणत होते, "डोळा दे. डोळा दे आधी." तोंडावर धरलेला हात मी पायाने बाजूला केला. नेम धरला. डोळ्यावरच. मला नेम माहीत होता, अंतर माहीत होतं, कशाने काय फुटेल ते पण माहीत होतं.

सुनंदा स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ. ओरडली नाही. मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळलेली काटकी मोडावी तसा. स्टिकला पीठ लागलेलं.

कडी बाहेरून कुणीतरी तोडली. यो. होता. माझ्या हातातून स्टिक घेतली आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं, मग सुनंदाला उठवलं. रिक्षात तिला मध्ये बसवून एका बाजूला तो बसला, दुसऱ्या बाजूला संदेश, लंगडत आलेला. मी दारात उभी. डीजे चालूच होता.

शुक्रवार, २१ मार्च
कोपरापासून खाली दोन्ही हाडं. प्लास्टर. दवाखान्यात विचारलं तर सुनंदा म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. संदेशला काय झालं विचारलं तर म्हणाली, मला उचलताना पडला. चौकीतून माणूस आला होता, त्यालाही तेच.

यो. ने हे भिंतीकडे बघून सांगितलं. तेवढंच. त्यानंतर आमचं बोलणं बंद. ताट वाढते, तो जेवतो, उठतो.

तिने का वाचवलं मला? मी मागितलं होतं? मला तिचं काही नको. तोंडावर थुंकली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, २३ मार्च
गल्लीला सगळं माहीत आहे, आणि कुणालाच काही माहीत नाही. चर्चबाहेर दोघी-तिघी माझ्याजवळ येऊन माझा दंड दाबून गेल्या. एक म्हणाली, "बरी अद्दल घडवली." तरुण पोरं मला वाट करून देतात, कौतुकाने. मला ओकारी आली. खरोखरची, मागच्या नळावर.

तिसऱ्या बाकावर जागा रिकामी.

बुधवार, २६ मार्च
शास्त्राभ्यास. पाळकसाहेब बोलत होते, डोळ्याबद्दल डोळा हा सुडाचा परवाना नव्हता, सुडाला घातलेली वेसण होती. त्याआधी माणसं एका जखमेसाठी अख्खा जीव घ्यायची आणि वर फुशारकी मारायची. देवाने सांगितलं, एकाला एक. त्याहून जास्त नाही. आणि ज्याने केलं त्याचाच, दुसऱ्याचा नाही.

खाली बघून बोलत होते, पण माझ्यासाठीच. म्हटलं, "साहेब, चुकून दुसऱ्याला लागलं तर? वैर नसताना?"

"तुम्ही सांगा, ताई."

"कुऱ्हाड निसटली," मी म्हटलं आणि तिथेच तोंड मिटलं.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. लागलं का, लागलं का, मी नुसता भीती दाखवत होतो. त्या हरामखोराने माझं बोलणं माझ्याआधी बोलून ठेवलं होतं. आणि तो तरी कदाचित खरं बोलत होता. माझा नेम पक्का होता, चुकला फक्त माणूस.

शनिवार, २९ मार्च
सुनंदाकडे गेले. तोडलेली कडी तारेने बांधली आहे. ती खाली बसून एका हाताने शेंगा सोलत होती, नीट जमत नव्हतं.

म्हटलं, "खोटं का सांगितलंस?"

"बस की आधी."

"नाही बसत. का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुझी शाळा गेली असती. मंग योहानभाऊचं कोन बघनार? त्याचा डोळा माझ्या घरातून गेला. आता भाकर पन माझ्यामुळं जाऊ देऊ?" सिन्नरकडचं बोलणं तिचं इतक्या वर्षांत बदललं नाही.

"मला तुझी दया नको."

"नको तर नको. दया कुठं, माझा हात मोडलाय. पोरगं कालपासून बिस्किटावर हाय. चार भाकरी थापून जा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने परातीकडे बोट केलं. मी थापल्या. काय करणार, पीठ भिजवलेलं होतं. संदेश आतल्या खोलीत, त्याच्या पायाचा फरफटण्याचा आवाज येत होता. त्याच्या वाटणीची भाकरी थापताना इतक्या जोरात थापली की फाटली. परत केली. उलथनं तापलेलं होतं, हातात होतं, आणि तो पाणी प्यायला बाहेर आला, माठाकडे, पाठमोरा. मानेवर काळानिळा वळ. मी उलथनं खाली ठेवलं. ठेवायला फार जोर लागला.

जाताना सुनंदाला म्हटलं, "तुला लागावं असं मला..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं मला काय म्हणायचंय. मलाही माहीत नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल
यो. बोलला. आज जेवताना, एकदम.

"डोळा कुणाचा होता?"

"म्हणजे?"

"माझा होता ना? मग त्याच्यासाठी काय मागायचं ते मी मागीन. तू कोण?"

मला असं बोललेलं सहन होत नाही. आई गेल्यावर मी वाढवलंय याला. ताट ढकललं, वाटी भिंतीवर गेली, वरणाचा ओघळ. म्हटलं, "जा मग, जाऊन माफ कर! गळ्यात पड त्याच्या!"

"माफ नाही केलेलं," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "रात्री पडल्या पडल्या त्याला मारतो मी. रोज. तुझ्यापेक्षा वाईट मारतो. पण उठून जात नाही. जेल होऊ दे त्याला. जज्जाने सांगावं किती, त्याने भोगावं, बाहेर यावं. हे पाहिजे मला. नियमाने."

"तेच होणार. मी साक्ष देतेय."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

"नियम त्याच्या एकट्यासाठी आहे का?"

त्याने फडकं आणून भिंत पुसली, डाग एकीकडे आणि फडकं दुसरीकडे.

रविवार, १३ एप्रिल
झावळ्यांचा रविवार. मिरवणुकीत सगळ्यांच्या हातात झावळ्या, संदेश शेवटी, लंगडत, हात रिकामे. सुनंदाने आणला असेल. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

बाहेर फाटकाशी त्याने मला गाठलं. "मार्थाताई."

"दूर हो. दात पाडीन."

"पाडा. आई आता मध्ये येनार नाही, ती आतच आहे." मग, "मला जेलची भीती वाटते, ताई. दोन महिने राहून आलोय. तिथं काय करतात ते आईला सांगितलं नाही. मी मारलं, मी नाही म्हणत नाही. पन डोळा फोडायला मारलं नव्हतं. तुम्ही बघितलं ना? तुम्ही तिथंच होता."

माफी मागितली नाही. मागितली असती तर खरंच मारलं असतं. पण हा प्रश्न. रेफरीला खेळाडू विचारतो तसा, मॅडम, तुम्ही बघितलं ना. आणि रेफरीने बघितलेलं असतं.

मी फाटक त्याच्या अंगावर ढकलून निघून आले.

गुरुवार, १७ एप्रिल
भाषण लिहिलेलं नाही. एक ओळ नाही.

चर्चच्या मागे निंबाचा पाला पडलेला, पाटा धुऊन ठेवलेला. पाळकसाहेबांना निंबाला दुसरं कुणी मिळालं नाही, किंवा शोधलंच नाही. सुनंदा एका हाताने वरवंटा ओढत होती. मी तिच्या हातातून घेतला. ती गाळायला बसली, एका हाताने फडकं पिळता येईना तर दुसरं टोक दातांत धरलं. कडू तोंड करून म्हणाली, "यंदा लय कडू हाय."

"दरवर्षी असंच म्हणतेस."

हसलो. चूक झाल्यासारखं दोघींनी लगेच थांबवलं. मी इतका जोर लावून वाटत होते की पाट्याला बोट ठेचलं, रसात रक्ताचा थेंब गेला. तिने बघितलं, चमच्याने तेवढा काढून टाकला.

शुक्रवार, १८ एप्रिल
उत्तम शुक्रवार. आता संध्याकाळ.

चर्च भरलेलं, बाहेर मांडव. पंखे गरम वारा फेकत होते. पहिलंच नाव माझं. पायऱ्या चढले. समोर बघितलं तर तिसऱ्या बाकावर सुनंदा, गळ्यात पट्टी, शेजारी संदेश. आणि संदेशच्या पलीकडे, मध्ये एका माणसाची जागा सोडून, यो., काळा चष्मा लावून. घरून माझ्याबरोबर निघाला होता, तिथे जाऊन बसेल असं बोलला नव्हता.

काय बोलले ते जसं आठवतं तसं. म्हटलं, मला दहा मिनिटं दिलीत, मला एवढी लागणार नाहीत. येशूने क्षमा मागितली ती ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी. मला कळत होतं. रंगपंचमीला सुनंदाबाई बाथरूममध्ये पडल्या नाहीत. मी हॉकी स्टिकने त्यांचा हात मोडला. मारायला गेले होते त्यांच्या मुलाला, डोळाच फोडायला गेले होते, आतून कडी लावून. म्हणून या उद्गारात मी बसत नाही. आणि संदेशला मी क्षमा केलेली नाही. खोटं बोलून इथून खाली उतरायचं नाही म्हणून सांगते.

शेवटच्या बाकावर आमच्या शाळेच्या क्लार्कबाई होत्या. त्यांचं तोंड उघडंच.

खाली उतरले. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला तो चुकीचा, ते नाताळचं निघालं. पेटीवाल्याने पहिले सूर वाजवलेही. कुणी हसलं नाही. मग बरोबर गीत. पुढचे सहा उद्गार झाले, मी ऐकले नाहीत.

तीन वाजता अंगणात निंबाचा रस. किटली यो. ने हातात घेतली. त्याला कुणी सांगितलं होतं? रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याच्या पेल्याबाहेर धार, धोतरावर. दुसऱ्याच्या मनगटावर. लोक बिचारे ओले हात घेऊन पुढे सरकत होते. मग संदेश आला. यो. थांबला. मला वाटलं किटली मारतो आता तोंडावर, आणि सांगायचं तर मला ते हवं होतं, अजून हवं होतं. यो. ने किटली कलती केली. धार पेल्यापासून वीतभर बाजूला. संदेशने पेला उचलून धारेखाली नेला आणि भरेपर्यंत तिथेच धरून ठेवला.

प्याला. तोंड वाकडं केलं. यो. म्हणाला, "पुढे हो." बस. त्याच्यामागे मी होते. माझ्याही हातावर सांडलं.

शनिवार, १९ एप्रिल
मुख्याध्यापिकांचा फोन. सोमवारी येऊन भेटा, येताना काय बोलायचं ते ठरवून या. आवाज गोड होता, म्हणजे काही खरं नाही.

यो. ला म्हटलं, एक राहिलंय. तू उभा होतास तेव्हा संदेश 'लागलं का' म्हणत होता. भीती दाखवत होतो म्हणत होता. मी पोलिसांना सांगितलं नाही.

"मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतंस? मग तू का नाही सांगितलंस?"

"डोळा गेला ना माझा," तो म्हणाला. "मला वाटलं तेवढं तरी माझ्याकडे राहू दे. मग वाटलं, तू सांगशील. तू सांगितलंस तर मीपण सांगीन."

रडला. राहिलेल्या डोळ्यातून आणि गेलेल्या डोळ्याच्या खाचेतूनही पाणी येतं. मला माहीत नव्हतं. मी पदराने दोन्ही पुसलं.

सोमवार, २१ एप्रिल
काल ईस्टर. पहाटे कबरस्तानात उपासना, आईच्या कबरीवर मेणबत्ती. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

आता चौकीबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितेय. शाळेत जाऊन आले. चौकशी होईपर्यंत ग्राउंडवर यायचं नाही असं सांगितलं. शिट्टी टेबलावर ठेवून आले. चौकीत दोन गोष्टी सांगायच्या आहेत. संदेश काय म्हणाला होता ते, आणि मी काय केलं ते. पहिली सांगायची तर दुसरीही सांगायची. मला ते पटलेलं नाही, पण दुसरं काही जमत नाही. संदेशला पाहिलं की अजून हात शिवशिवतात. तो सुटला तर? मला शिक्षा झाली तर? यो. घरी एकटा, गॅसवर दूध ठेवून पातेलं चाचपत...

सुनंदा पण आली आहे. रिक्षा करून, माझ्या मागोमाग, प्लास्टर सांभाळत. शेजारी बसली आहे. म्हटलं, "तू कशाला?"

"तू आत जाऊन खरं बोल. मी बाथरूममधी पडले म्हनूनच सांगनार."

"सुनंदा, चर्चसमोर बोलले मी."

"चर्चमधी ऐकलं मी. इथं माझा हात हाय. माझा मी सांगीन."

यो. सारखंच बोलली, अगदी तेच. मी चिडले, तिचा धड हात धरून म्हटलं, "घरी जा." गेली नाही. हात काढून घेतला नाही. आम्ही दोघी भांडतोय हे बघून आतला पोलीस दारात आला. हसतोय. विचारतोय, "बाई, तक्रार कुणाची आणि कुणाविरुद्ध? आधी कोण येतंय?"

दोघी उठलोय.